मऊ लांकूड आणि तीक्ष्ण धार

लाटणें, भोंवरा, पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या या वस्तु मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आल्या आहेत. या सर्वांना गोल आकार देणारा कारागीर म्हणजे कातारी. सुतार लांकूड स्थिर ठेवून हत्यार चालवितो. कातारी लांकूड फिरतें ठेवून हत्यार स्थिर धरतो. धार फिरत्या लांकडास टेकली कीं, वाढीव भाग ढलप्यांच्या रूपानें निघून जातो आणि चौकोनी तुकडा पाहतां पाहतां वाटोळा होतो. पाहणारास हें काम फार सुलभ वाटतें. त्यांतून लांकूड मऊ असेल, तर तें नवशिक्यानेंही करावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कठीण लांकूड कातावयास कठीण आणि मऊ लांकूड कातावयास सोपें, हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो. परंतु प्रत्यक्ष यंत्रापाशीं तो उलटा पडतो. मऊ लांकूड थोड्या जोरानें निघतें हें खरें. तें स्वच्छ कापलें जाणें ही गोष्ट मात्र निराळी आहे. ती निराळी कां, हें समजण्यास मासे धरण्याच्या काठीची मूठ हें लहानसें उदाहरण फार उपयोगी पडतें.

कोंकणांत गळ टाकून मासे धरणारा मनुष्य साधा कळक वापरतो. कळकाच्या जाड बुडख्यालाच तो हात घालतो. त्याला वेगळी मूठ लागत नाहीं. पाश्चात्य देशांत मात्र गळाच्या काठीनें निराळें रूप घेतलें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाचा एक बंदुका करणारा कारागीर होता. त्यानें १८४० ते १८५० च्या दरम्यान कळक उभा चिरून, त्याच्या निमुळत्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून काठी तयार केली. पुढें अशा सहा पट्ट्यांची काठी सर्वत्र मान्य झाली. त्या काळीं यासाठीं लागणारा कळक आपल्याच देशांतून जात असे आणि तिकडे तो कलकत्त्याच्या नांवानें ओळखला जाई. त्यानंतर चिनी कळक आला, मग कांचतंतूंची काठी आली आणि १९७३ सालापासून कर्बतंतूंची काठी बाजारांत दिसूं लागली. काठी जसजशी बारीक व हलकी होत गेली, तसतशी ती नुसती हातांत धरणें अशक्य झालें. बोटाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक काठीवर तळहात भरून बसेल अशी मूठ चढविणें आवश्यक ठरलें.

या मुठीकडून चार गोष्टींची अपेक्षा असते. ती हलकी असावी, कारण दिवसभर शेंकडों वेळां काठी फेकावयाची असते. ती हातास गार लागूं नये. ती ओल्या हातांतून निसटूं नये. आणि माशानें गळास केलेला बारीकसा स्पर्श तिनें तळहातापर्यंत पोहोंचवावा. बळकटीची अपेक्षा मात्र तितकीशी नसते. याचें कारण असें कीं, हल्लींच्या बहुतेक काठ्यांत काठी मुठीच्या पोटांतून आरपार जाते. माशाचा ओढा काठी सोसते. मुठीनें सोसावयाचा असतो तो केवळ हाताचा दाब. म्हणूनच मुठीस मऊ पदार्थ चालतो. ज्या ठिकाणीं दोऱ्याचें रीळ बसवितात, तेथें मात्र धातूचीं कडीं घट्ट आवळावीं लागतात. तेथें मऊ लांकूड चेपून जाईल. म्हणून तेवढा भाग कठीण लांकडाचा किंवा धातूचा करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या कामीं सर्वांत अधिक मान बुचाला मिळाला. बूच हें लांकूड नव्हे. ती भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल होय. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं जे बंद कप्पे पाहिले आणि ज्यांना त्यानें पेशी हें नांव दिलें, ते याच बुचाचे होते. एक घन सेंटिमीटर बुचांत असे सुमारें चार कोटी कप्पे असतात व ते हवेनें भरलेले असतात. म्हणून बूच हलकें, उबदार आणि दाबलें असतां पुन्हां फुगणारें आहे. परंतु झाड सुमारें पंचवीस वर्षांचें झाल्यावर त्याची पहिली साल काढतात व पुढें निदान नऊ नऊ वर्षांनीं ती निघते. पहिल्या दोन खेपांची साल ओबडधोबड असते. निर्दोष साल मिळेपर्यंत झाड चाळीशी ओलांडतें. जगांतील निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येतें. अशा स्थितींत छिद्रें नसलेलें उत्तम बूच महाग पडावें यांत नवल नाहीं. कारखान्यांनीं त्यावर कृत्रिम फेसाचा उपाय काढला. स्वहस्तें काठी करणारे हौशी लोक मात्र मऊ लांकडाकडे वळले.

येथें नांवांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजी व्यापारांत ज्याला 'सॉफ्टवुड' म्हणतात, त्याचा अर्थ मऊ लांकूड असा नसून सूचिपर्णी झाडांचें, म्हणजे देवदार, चीड वगैरेंचें लांकूड असा आहे. यू नांवाचें झाड त्या वर्गांत मोडतें; पण त्याचें लांकूड चांगलेंच कठीण असतें. उलट, दक्षिण अमेरिकेंतील बाल्सा हें सर्वांत मऊ लांकडांपैकीं एक असूनही त्याची गणना रुंद पानांच्या, म्हणजे 'हार्डवुड' वर्गांत होते. तेव्हां कारागिरानें नांवावर न जातां वजनावर जावें. पाण्याच्या वजनाशीं तुलना केली, तर साग साधारणपणें दोन तृतीयांश भरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तांबडा सीडर एक तृतीयांशाहून किंचित् अधिक भरतो. आपला पांगारा जवळजवळ एक तृतीयांश, बूच पंचमांश ते चतुर्थांश आणि बाल्सा सुमारें षष्ठांश. मुठीसाठीं सीडर, पांगारा, सांवर अशा मधल्या वजनाचें लांकूड सोयीचें असतें. बाल्सा नखानेंही दबतो, म्हणून तो नुसता वापरणें इष्ट नाहीं.

आतां धारेच्या टोंकाशीं काय घडतें तें पाहावें. लांकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी होय. कठीण लांकडांत या नळ्यांच्या भिंती जाड आणि पोकळी लहान असते. मऊ लांकडांत भिंती पातळ आणि पोकळी मोठी असते. कापण्यासाठीं धारेला नळीच्या भिंतीचा कांहीं विरोध लागतो. कठीण लांकडाची नळी जागेवर ठाम उभी राहते. त्यामुळें धार थोडी बोथट असली, तरी ती कशीबशी कापली जाते. मऊ लांकडाची नळी मात्र बोथट धार येतांच आधीं वांकते, मग चेपते, आणि शेवटीं कापली न जातां मुळापासून उपटली जाते. घरांत याचा पडताळा रोज येतो. बोथट सुरीनें कच्चा बटाटा चिरतां येतो. पण पिकलेला टोमॅटो त्याच सुरीखालीं पिचकतो, आणि ताजा पाव तर चुरून जातो. बटाटा सुरीचा दोष झांकतो. टोमॅटो तो उघड करतो. साग आणि पांगारा यांच्यांतही नेमका हाच फरक आहे.

उपटलेल्या तंतूंची ही इजा वरच्या थरापुरती राहत नाहीं. तंतु तुटतांना पृष्ठभागाच्या खालीं खोलवर खळगे पडतात. ते घालविण्यासाठीं नवशिका कारागीर हत्यार अधिक जोरानें दाबतो. त्यामुळें आणखी तंतु चेपतात आणि खळगे वाढतात. मग तो कांचकागद हातीं घेतो. फिरत्या लांकडावर कागद धरला कीं, सर्व उणिवा भरून निघतील अशी त्याची आशा असते. पण सीडरसारख्या लांकडाच्या प्रत्येक वार्षिक वलयांत दोन पट्टे असतात: हंगामाच्या आरंभीं वाढलेला मऊ पट्टा व अखेरीस वाढलेला टणक पट्टा. तीक्ष्ण धार दोन्ही पट्टे एकाच पातळींत कापते. कांचकागद मात्र मऊ पट्टा भराभर खातो आणि टणक पट्टा तसाच मागें ठेवतो. परिणामीं मूठ गुळगुळीत होण्याऐवजीं तिच्यावर उंचसखल लाटा उठतात. कागद हा धारेनें केलेल्या कामावर शेवटचा हात फिरविण्यासाठीं आहे. धारेचें काम तो करूं शकत नाहीं. बूच मात्र याला अपवाद होय. त्याला उभे तंतु नसल्यामुळें पटाशीनें त्याचे कण निघून येतात. म्हणून बुचाच्या चकत्या एकमेकींस चिकटवून त्यांना कागदानेंच आकार देतात.

धार पुरेशी तीक्ष्ण आहे किंवा नाहीं, हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. चिडाच्या मऊ लांकडाचा तुकडा घेऊन त्याचा आडवा छेद, म्हणजे नळ्यांचीं तोंडें दिसतात तो भाग, हातानें पटाशी दाबून तासावा. छेद तुकतुकीत व गडद दिसला, तर नळ्या कापल्या गेल्या. पांढुरका व पिठूळ दिसला, तर त्या चिरडल्या गेल्या. ही परीक्षा सागावर घेऊन भागत नाहीं, कारण साग बोथट धारेलाही सांभाळून घेतो. मऊ लांकडासाठीं पटाशीचा उतार अधिक लांब व धार अधिक पातळ ठेवतां येते, आणि काम चालूं असतां ती वारंवार निसण्यावर फिरवावी लागते.

मुठीच्या कृतींतील क्रमालाही महत्त्व आहे. सुमारें दीड इंच जाडीचा, चांगला वाळलेला, सरळ तंतूंचा व गांठ नसलेला चौकोनी तुकडा घ्यावा. झाडाचा मध्य, म्हणजे गाभा, त्यांत येऊं देऊं नये. गाभ्याभोंवतीं लांकूड तडकतें. मूठ साधारण सहा ते सात इंच लांब होते. तुकडा त्याहून थोडा लांब असावा. प्रथम भोंक पाडावें आणि मग कातावें. पुष्कळांचा कल आधीं बाहेरचा आकार देऊन मागाहून भोंक पाडण्याकडे असतो. त्यांतच काम फसतें. गिरमिट मऊ पट्ट्याच्या रोखानें सरकतें आणि तयार मुठीचें भोंक एका बाजूस निघतें. भोंक आधीं पाडलें, मग त्यांत लोखंडी गज बसवून तो यंत्रावर चढविला, तर भोंक थोडें तिरपें गेलेलें असलें तरी बिघडत नाहीं. बाहेरचा गोल त्या भोंकाच्याच अनुरोधानें कातला जातो. गज वापरण्याचा दुसरा लाभ असा कीं, यंत्राचीं अणकुचीदार टोंकें मऊ लांकडांत रुतून तें सैल होण्याचा धोका राहत नाहीं. सैल झालेलें लांकूड थरथरतें, आणि थरथरणाऱ्या लांकडावर कोणतीही धार नीट चालत नाहीं.

आरंभीं यंत्राची गति बेताची ठेवून पन्हळीसारख्या गोल पटाशीनें चौकोनाच्या कडा उतरवाव्यात. तुकडा गोल झाला म्हणजे गति वाढवावी. सव्वा इंच व्यासाची मूठ मिनिटास २,००० फेरे घेत असेल, तर धारेसमोरून मिनिटाला सुमारें २०० मीटर लांकूड सरकतें. तंतूला वांकावयास अवकाश मिळण्यापूर्वींच तो कापला जावा, यासाठीं हा वेग उपयोगी पडतो. पटाशीचें टोंक एकदम लांकडांत खुपसूं नये. पात्याचा उतार प्रथम फिरत्या लांकडावर अलगद टेकवावा आणि मग मूठपट्टी हळूहळू उचलून धार कामास लावावी. कापण्याची दिशा नेहमीं जाड भागाकडून बारीक भागाकडे असावी. उतारावर खालीं येतांना प्रत्येक तंतूला त्याच्या खालच्या तंतूंचा आधार मिळतो. चढावर जातांना तो मिळत नाहीं व तंतु उलटे उचकटतात. गवताची शाकारणी करणारा वरून खालीं हात फिरवितो, तसेंच हें आहे.

इतकी काळजी घेऊनही मऊ लांकडावर बारीक लव राहते. त्यावर कारागिरांनीं एक युक्ति काढली आहे. शेवटचा हात मारण्यापूर्वीं स्पिरिटमध्यें विरघळविलेली पातळ लाख लांकडावर फासतात व ती वाळूं देतात. लाख नळ्यांत शिरून त्यांच्या पातळ भिंतींना ताठपणा आणते. मग नुकत्या लावलेल्या धारेनें कागदाएवढा पातळ थर काढला कीं, पृष्ठभाग स्वच्छ निघतो. जें बळ लांकडाच्या अंगीं नव्हतें, तें क्षणभर उसनें देऊन तेवढ्यांत काम साधावयाचें, असा हा प्रकार आहे.

लाखेचें व मऊ लांकडाचें हें सख्य आपल्या देशांत जुनें आहे. कर्नाटकांतील चन्नपट्टण येथील कातारी, मराठींत ज्याला काळा कुडा म्हणतात, त्याच्या पांढऱ्या, मऊ व घट्ट कणाच्या लांकडाचीं खेळणीं करतात. फिरत्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर पसरते व केवड्याच्या जातीच्या पानानें घासून तिला चकाकी आणतात. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनींही पांगाऱ्यासारख्या मऊ लांकडाच्या वस्तूंवर रंग व लाख चढवून नांव मिळविलें. मात्र खेळण्याचें भूषण तें मुठीचें दूषण ठरतें. खेळणें चकाकलें पाहिजे. मूठ चकाकली कीं ओल्या हातांतून निसटते. शिवाय लाखेच्या लेपावर पाणी राहिलें, तर तो पांढुरका पडतो. म्हणून मुठीला लाख केवळ आंतून बळ देण्यापुरती वापरावी आणि वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन तें पूर्ण वाळूं द्यावें. भोंकाच्या आंतील बाजूस व दोन्ही टोंकांस तेल किंवा सरस विसरूं नये. नळ्यांचीं उघडीं तोंडें तेथेंच असल्यामुळें पाणी तेथूनच शिरतें. पाणी प्यालेली मूठ फुगते, वाळल्यावर आकसते आणि अखेर काठीवर सैल होते.

या कामांत कांहीं धोके आहेत व ते शांत स्वरूपाचे असल्यामुळें अधिक फसवे आहेत. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही, उपरणें, पदर अथवा मोकळे केस जाऊं देऊं नयेत. डोळ्यांवर चष्मा असावा. सीडरचा सुगंधी भुसा श्वासांतून गेल्यास कांहीं लोकांस दमा जडतो. म्हणून नाकातोंडावर योग्य आवरण घ्यावें व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तिसरा धोका पुष्कळांस ठाऊक नसतो. जवसाचें तेल वाळतांना उष्णता बाहेर टाकतें. तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगळून कोंपऱ्यांत टाकलीं, तर ती उष्णता आंत सांठते आणि कोणी काडी न ओढतांही फडकें पेट घेतें. अशीं फडकीं पसरून उघड्यावर वाळवावींत किंवा पाण्यांत बुडवून ठेवावींत.

मूठ तयार झाली, तरी तिची खरी कसोटी नदीवरच लागते. हिंदुस्थानांत गळानें मासे धरणाऱ्यांचें सर्वांत मोठें आकर्षण म्हणजे महसीर. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत या माशाला मानाचें स्थान होतें. आज हा मासा संकटांत आहे. कावेरींतील पाठीवर उंचवटा असलेल्या महसीराची नोंद २०१८ सालीं, अत्यंत धोक्यांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत झाली. महाराष्ट्रांत लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीजकंपनीनें १९७० नंतरच्या दशकापासून महसीराचीं पिल्लें वाढवून पाण्यांत सोडण्याचें काम केलें आहे. सुज्ञ गळेकरी हातीं लागलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडतो. सोडावयाचा मासा फार वेळ झुंजवून दमविणें म्हणजे त्याला मारण्यासारखेंच. तेव्हां त्याला लवकर जवळ आणण्यासाठीं हात काठीवर स्थिर राहिला पाहिजे. वेडीवांकडी किंवा निसरडी मूठ येथें माशाच्या जिवावर बेतते.

या लहानशा वस्तूवरून कातकामाचा जो नियम हातीं लागतो, तो असा: पदार्थ जितका नरम, तितकें हत्यार अधिक तीक्ष्ण आणि हात अधिक हलका हवा. कठीण लांकूड कारागिराच्या बाहुबलाची परीक्षा घेतें. मऊ लांकूड त्याच्या धारेची व धीराची. ज्या दिवशीं पांगाऱ्याच्या तुकड्यावरून पटाशी फिरली असतां भुसा न उडतां रेशमासारखी लांब, अखंड ढलपी निघते, त्या दिवशीं त्या कारागिरास कातणें येऊं लागलें असें समजावें. आणि भुसा उडूं लागला, तर यंत्र थांबवून आधीं निसणा घ्यावा.